दसऱ्याचा धागा आणि सुमैय्याचा बोकड

दसरा शनिवारी होता आणि प्रमिलाने मंगळवारीच पितळ घासायला काढलं होतं. समया, निरांजनं, घंटा, तांब्या अशी सगळी मंडळी सिंकपाशी आंघोळीच्या रांगेत उभी होती. दरवर्षी समईच्या मानेतल्या नक्षीत काळं अडकून बसायचं आणि तीन पितांबऱ्या संपल्या तरी हटायचं नाही. या वर्षी मात्र ते झटक्यात निघालं.

"ईश्वरी, हा ब्रश कुठून आणलास गं? काय भन्नाट आहे! गोल, आणि आतल्या बाजूला सगळे केस. समईची मान आत घालायची की फिरव गरागरा!"

ईश्वरी खोलीतून बाहेर आली. आईच्या हातातला ब्रश तिने पाहिला आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी फुटली, की खालच्या मजल्यावरच्या फिलिपिनो काकूंनी छताला काठी ठोकली.

"आई! दॅट इज माय ॲरो रेस्ट!"

"असेल. पण पितळेला एक नंबर आहे."

आता हे ॲरो रेस्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. ईश्वरीकडे कंपाउंड धनुष्य होतं. दोन्ही टोकांना चाकं असलेलं, शिकारीसाठी करतात तसलं. शिकार अर्थात फोमच्या प्राण्यांची. अजमानच्या बाहेर वाळूच्या कडेला जैनब मॅडमचा क्लब होता, तिथे फोमची हरणं, फोमचे बोकड आणि एक फोमचा मोर उन्हात उभे असत. अशा धनुष्यात बाण सुटेपर्यंत ज्याच्यावर टेकतो, तो छोटासा भाग म्हणजे रेस्ट. ईश्वरीचं रेस्ट ब्रशवालं होतं. गोल कडी, कडीच्या आत केस आणि केसांच्या मधोमध बाण. धनुष्य पुसायचं म्हणून तिने ते सोडवलं होतं, आणि सोडवून ठेवलं होतं कुठे, तर ओट्यावर. पितांबरीच्या डब्याशेजारी.

तिने कडी नळाखाली धरली. केस सगळे एका अंगावर झोपले होते, चक्रीवादळानंतरच्या माडांसारखे. बाण ठेवून पाहिला तर तो बिचारा घरंगळून कोपऱ्यात जाऊन बसला.

"शनिवारी माझी ट्रायल आहे!" ईश्वरी मटकन खाली बसली. "रास अल खैमाच्या स्पर्धेसाठी!"

"मग? तू तर म्हणालीस निवड झाली."

हीच तर गोम होती. निवड व्हायची होती. पण पाचातला एक बाण हरणाच्या काळजात लागला की टीममध्ये, असा मॅडमचा नियम होता आणि ईश्वरीचे एरवी तीन-चार सहज लागायचे. त्यामुळे 'होणार आहे' आणि 'झाली' यात तिला फारसा फरक वाटला नव्हता. स्कूल बसमध्ये तिने 'झाली' सांगितलं. कँटीनमध्ये सांगितलं. शेवटी असेंब्लीत प्रिन्सिपॉल मॅडमनी नाव घेतलं, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि वाकून नमस्कारही केला. सातवीपर्यंत थ्रोबॉलच्या टीमला कुणीतरी कमी पडलं, तरच जिला हाक यायची, ती मुलगी आता कॉरिडॉरच्या मधोमध चालत होती. आणि आता हे सगळं झोपलेल्या केसांवर येऊन अडलं होतं.

बाबा, म्हणजे सूर्यकांत, दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत खरेदी विभागाचे मॅनेजर होते. या माणसाने घरात कढीपत्त्याची जुडीसुद्धा तुलना न करता आणली नव्हती. त्याच संध्याकाळी ते ऑफिसचे बूट न काढता लेकीला घेऊन क्लबवर हजर झाले.

जैनब मॅडम मूळच्या दापोलीच्या. डोक्याला स्कार्फ, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की वाळूतले उंट वळून बघतील. त्यांनी कपाटातून दोन रेस्ट काढून टेबलावर ठेवली.

"हे ब्रशवालं. हिचं होतं तसलंच. बाण पडत नाय, हलत नाय, काय करायचं नाय. फक्त जाताना पिसं केसांना जराशी घासतात. आणि हे पडणारं." त्यांनी दुसरं उचललं. त्यावर एक छोटी बेचकी होती. अंगठ्याने त्यांनी ती वर केली. "अशी वर करायची, बाण ठेवायचा. बाण सुटला की ही टपकन खाली पडते. पिसांना काय लागतच नाय, बाण सुळकन जातो."

त्यांनी बेचकीला टिचकी मारली. टक्! बेचकी पडली. ईश्वरीचा जीवही तिथेच पडला.

"हेच!" ती म्हणाली.

"थांब," सूर्यकांत म्हणाले. "मॅडम, तीन कोटेशन्स लागतात. ही दोनच आहेत."

"तिसरं ऑर्डर केलंय, सूर्यकांतभाई."

"कधी येईल?"

"इन्शाल्ला."

"तारीख?"

"इन्शाल्ला."

सूर्यकांतनी चष्मा वर केला. "बेटा, एक लक्षात ठेव. जो भाग हलतो, तोच भाग बिघडतो. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. ब्रशवालं घे."

"बाबा, ब्रश इज फॉर बेबीज! क्लबमधल्या सुमैय्याकडे पण पडणारं आहे!"

"तुझ्या बाबांचं खोटं नाय हां," मॅडम म्हणाल्या. "पडणारं घेतलंस तर एक काम रोज करायचं. पहिल्या बाणाआधी टिचकी. पडलं तर मार बाण. नाय पडलं तर का पडत नाय ते बघ. करशील?"

"ऑब्व्हियसली!" ईश्वरी म्हणाली, आणि 'ऑब्व्हियसली' म्हणून केलेल्या बाकी सगळ्या वचनांसारखंच हेही वचन गाडीत बसेपर्यंत विसरली.

घरी आल्यावर प्रमिलाने किंमत विचारली. "साडेतीनशे दिरम? म्हणजे आठ हजार रुपये? एवढ्याशा बेचकीला?"

शनिवारी सकाळी हॉलमध्ये शस्त्रपूजा मांडली गेली. चौरंगावर सूर्यकांतांचा लॅपटॉप, प्रमिलाचा मिक्सर, गाडीची किल्ली आणि मधोमध ईश्वरीचं धनुष्य. इतकी वर्षं या घरात शस्त्र म्हणून मिक्सरच मुख्य होता. या वर्षी खरोखरचं शस्त्र आल्यामुळे प्रमिलाला कोण भरून आलं होतं! तिने धनुष्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि नाडाछडीचं रीळ घेऊन लाल धागे बांधायला घेतले. एक मुठीला, एक वरच्या चाकापाशी, एक खालच्या.

ईश्वरी तेव्हा बाथरूममध्ये केसांची वेणी घालत होती. ही वेणी चार वेळा घालून झाली होती, कारण फोटो निघणार होते.

धागा बांधताना प्रमिलाचा हात रेस्टला लागला. टक्! बेचकी खाली पडली. तिने ती उचलून वर केली. हात लागला. टक्! पुन्हा पडली.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "आठ हजारांची वस्तू आणि चार दिवसांत सैल?"

पोरीची ट्रायल, सणाचा दिवस, आणि वस्तू अशी मान टाकते म्हणजे काय? तिने बेचकी नीट वर केली, नाडाछडीचे तीन वेढे घेतले, खाली घट्ट गाठ मारली आणि उरलेलं टोक कात्रीने कापून टाकलं. वर कुंकवाचं बोट लावलं. आता कितीही हात लागला तरी ती बेचकी आज्ञाधारक पोरासारखी ताठ उभी होती.

ईश्वरी धावत आली. "आई, माळ काढ, उशीर झाला! यल्ला!"

"माळ काढते. धागे काढायचे नाहीत हं. दसरा संपेपर्यंत सोडायचे नसतात."

काळ्या धनुष्यावर लाल धागे. ईश्वरीने मान तिरकी करून पाहिलं. "ॲक्चुअली, सो कूल दिसतंय," ती म्हणाली, फोटो काढला आणि धनुष्य पिशवीत घातलं. टिचकीची आठवण तिच्या चार वेण्यांपैकी कुठल्याशा वेणीतच गुंतून राहिली.

क्लबवर बरीच गर्दी होती. प्रमिलाने आधी जैनब मॅडमच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. ती पानं शारजाच्या बाजारातून आली होती आणि वाटेत त्यांनीच सोनं लुटायचं सोडून प्राण सोडले होते.

"सोनं घ्या, जैनबताई. सोन्यासारखे राहा."

"आमच्या दापोलीला शेजारच्या काकू आणून द्यायच्या," मॅडमनी पानं खिशात नीट ठेवली. मग शिट्टी वाजली आणि चेहरा एकदम पोलिसाचा झाला. "लाइनच्या मागे सगळे! ईश्वरीचं हरीण. सुमैय्याचा बोकड. पाच बाण, एक काळजात. आईबापांनी गप बसायचं."

हरीण समोर होतं. त्याच्या डावीकडे, वाळूच्या उंचवट्यावर, सुमैय्याचा बोकड उभा होता. उजवीकडे खाली मोर. मोराला आजवर कुणी मारलं नव्हतं, कारण तो फक्त शोभेला होता.

ईश्वरीने अंगठ्याने बेचकी वर करायला हात नेला. ती आधीच वर होती. वा, तयारच आहे! तिने बाण ठेवला, दोरी गालापर्यंत खेचली, साइटचा, म्हणजे नेम धरायच्या काचेतला, हिरवा ठिपका हरणाच्या काळजावर आणला आणि सोडला.

बाण निघाला तो शेपटी हलवत. बेचकीवर त्याची पिसं आपटली, त्याने हवेत एक गिरकी घेतली, डावीकडे वर उसळला आणि खाडकन बोकडाच्या कानात घुसला.

बोकड किंचित हलला.

"हॅलो?" सुमैय्या म्हणाली. "तो माझा बोकड आहे."

"वारा," ईश्वरी म्हणाली. मैदानावरचा झेंडा काठीला चिकटून झोपला होता.

दुसरा बाण तिने श्वास रोखून मारला. गिरकी, उसळी, खाडकन. बोकडाचा दुसरा कान.

"ईद कधीच झाली यार," सुमैय्या ओरडली. "आता तरी सोड त्याला!"

मागे गप्प बसलेल्या आईबापांचा आता बांध फुटला.

"दृष्ट लागली," प्रमिला म्हणाली. "तरी सांगत होते, सकाळी फोटो टाकू नकोस."

"दृष्ट नाही, प्रमिला. सिस्टिमॅटिक एरर आहे." सूर्यकांत उभे राहिले. "दोन्ही बाण एकाच ठिकाणी. म्हणजे माल चांगला आहे, डिलिव्हरीचा पत्ता चुकलाय. मॅडम, साइट ॲडजस्ट केली तर चालेल?"

"चौथ्या बाणापर्यंत चालेल. शेवटच्या बाणाआधी कुणी सेटिंगला हात लावायचा नाय."

बाण जातो तिकडे ठिपका सरकवायचा, हे ईश्वरीला माहीत होतं. तिने तो डावीकडे वर सरकवला. पण आता तिच्या डोळ्यांसमोर असेंब्ली दिसत होती, प्रिन्सिपॉल मॅडम दिसत होत्या आणि स्वतःचा तो वाकून केलेला नमस्कार दिसत होता. तो तर अगदी स्पष्ट दिसत होता. सकाळी धाग्यांना फक्त कूल म्हणणारी ईश्वरी हळूच मागे सरकली आणि कुजबुजली, "आई, ते धागे जरा घट्ट कर ना."

प्रमिलाचा चेहरा उजळला. तिने चारही गाठी आवळल्या. रेस्टची तर दोनदा.

तिसरा बाण गिरकी घेत गेला आणि हरणाच्या शेपटीला लागला.

"बघ! घट्ट केल्याबरोबर!" प्रमिला म्हणाली.

"ठिपका सरकवल्याबरोबर," सूर्यकांत म्हणाले. "बेटा, अजून तेवढाच सरकव. बरोबर काळजात येईल."

ईश्वरीने ठिपका अजून तेवढाच सरकवला. चौथा बाण ठेवणार, तोच मागून जैनब मॅडमचा आवाज आला. तो बारीक होता, आणि त्यांचा आवाज बारीक झाला की लोक जास्त घाबरत.

"पोरी. सकाळपासून टिचकी मारलीस?"

ईश्वरीने बोट वाकवलं आणि बेचकीला टिचकी मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. बेचकी ढिम्म. तिने धनुष्य उलटं केलं, आणि तिथे, बेचकीच्या खाली, कुंकू लावलेली, दोनदा आवळलेली, टुमटुमीत लाल गाठ दिसली.

"आई!!!"

"काय झालं? सुटली का?"

"तू रेस्ट बांधलंस? ते पडायला हवं! पडण्यासाठीच आहे ते!"

"सारखं पडत होतं गं. टक्-टक्, टक्-टक्," प्रमिला म्हणाली. "सैल झालं असेल म्हणून बांधलं. तू मघाशी घट्ट करायला सांगितलंस, तेव्हा तर मला वाटलं तुलाही माहितीये."

घट्ट करायला ईश्वरीनेच सांगितलं होतं. सुमैय्या बोकडाच्या दिशेला तोंड करून हसत होती. ईश्वरीने नखांनी, मग दातांनी गाठ सोडवली. तोंडाला कुंकू लागलं. धागा खाली पडला तसा प्रमिलाचा चेहराही पडला.

टिचकी. टक्! पडलं.

"खलास!" ईश्वरी म्हणाली. "आता बघा."

चौथा बाण गिरकी न घेता गेला. शेपटी न हलवता, सुळकन, शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीसारखा नाकासमोर. आणि उजवीकडे खाली जाऊन मोराच्या छातीत रुतला.

बिनचूक. वर्षानुवर्षं सुखाने जगलेला तो मोर आडवा झाला.

"अरे देवा," सूर्यकांत पुटपुटले. "साइट."

साइट अर्थातच बांधलेल्या रेस्टच्या हिशोबाने सरकवली होती. रेस्ट शहाणं झालं होतं, पण साइट अजून वेडीच होती. आणि हातात उरला होता एक बाण.

"मॅडम, प्लीज, ठिपका परत फिरवू?" ईश्वरीचा आवाज रडवेला झाला.

"नाय. सगळ्यांना सांगितलंय. शेवटच्या बाणाआधी सेटिंगला हात नाय."

ईश्वरीने धनुष्य खाली केलं. सोमवारी बसमध्ये कुठल्या सीटवर बसलं तर कुणाला दिसणार नाही, याचा ती विचार करू लागली. तेवढ्यात सूर्यकांतनी घसा खाकरला. कंत्राटातली पळवाट सापडली की ते असाच घसा खाकरायचे.

"मॅडम, एक क्लॅरिफिकेशन. सेटिंग म्हणजे साइट. बरोबर?"

"साइट, स्क्रू, चाकं."

"धाग्याचा उल्लेख नाही."

जैनब मॅडमनी आभाळाकडे पाहिलं. "नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "धाग्याचा नाय."

ईश्वरी गर्रकन वळली. "आई! बांध!"

प्रमिला जागची हलली नाही. तिने पदर सारखा केला. "आता का? मघाशी दातांनी तोडलास ना?"

"आई, प्लीज! सेम टु सेम बांध! सॉरी! तू बेस्ट आहेस, तुझी गाठ बेस्ट आहे!"

"सोडलेला धागा परत बांधत नसतात," प्रमिलाने सुनावलं. आणि क्षणभराने पर्समधून नाडाछडीचं अख्खं रीळ काढलं. "नवा बांधतात. धर धनुष्य. हलू नकोस."

तीन वेढे. गाठ. पुन्हा गाठ. पर्समध्ये कुंकवाची डबीही होती, तेव्हा बोटही लागलं. जैनब मॅडम कमरेवर हात ठेवून हा सोहळा बघत होत्या. मोठमोठ्या पोरांचे हात त्यांनी घडवले होते, पण रेस्ट मुद्दाम, आणि तेही इतक्या प्रेमाने, बिघडवताना त्यांनी कुणाला कधी पाहिलं नव्हतं.

ईश्वरीने टिचकी मारली. बेचकी ढिम्म हलली नाही. छान!

तिने दोरी खेचली. हिरवा ठिपका काळजावर आणला. सोडला. बाण बेचकीवर आपटला, शेपटी हलवली, गिरकी घेतली, डावीकडे वर उसळला, बोकड मनातल्या मनात दचकला असेल, आणि तो बाण कुठल्यातरी वेड्या हिशोबाने वाकत वाकत जाऊन हरणाच्या काळजाच्या अगदी मधोमध बसला.

मग जो आरडाओरडा झाला, तो रास अल खैमापर्यंत ऐकू गेला असता. सूर्यकांतनी सुमैय्याच्या वडिलांना मिठी मारली. त्यांची आधीची ओळखसुद्धा नव्हती.

"नियम म्हणजे नियम. ईश्वरी टीममध्ये," जैनब मॅडम म्हणाल्या. सुमैय्याने तर आपल्या कानफाट्या बोकडाला आधीच तीनदा गार केलं होतं, तेव्हा तीही टीममध्ये होती. "पण ते पडणारं इकडे दे. आजपासून तुला ब्रशवालं. ज्या घरात पडणाऱ्याला बांधतात, तिथे हलणारी वस्तू द्यायची नाय."

"जो भाग हलतो..." सूर्यकांतनी सुरुवात केली.

"बाबा, डोन्ट!"

तेवढ्यात सुमैय्या आपलं धनुष्य घेऊन प्रमिलापुढे उभी होती. "आँटी, माझ्या पण रेस्टला बांधा ना. लकी आहे."

"खबरदार!" मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या, की आडवा मोर अजून थोडा आडवा झाला.

संध्याकाळी ईश्वरीने नवं ब्रशवालं रेस्ट स्वतः बसवलं, साइट परत जागेवर आणली आणि खिडकीत उभी राहून बराच वेळ नुसतीच हसत राहिली. आता 'झाली' म्हणजे खरोखरच झाली होती. सोमवारी बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचं तिने ठरवून टाकलं. मुठीवरचा लाल धागा मात्र तिने काढला नव्हता. दसरा संपायचा होता.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. आवाजात श्रीखंडाइतकाच गोडवा होता, म्हणूनच ईश्वरी सावध झाली.

"ईश्वरी, जैनबताईंनी नवा ब्रश दिला ना गं? जपून ठेव हो. दिवाळी आलीच, आणि मोठी समई अजून बाकी आहे."

ईश्वरीने धनुष्य पिशवीत घातलं, पिशवी कपाटात घातली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन घरभर फिरू लागली. शेवटी तिला सुरक्षित जागा सापडली. तिने देव्हाऱ्यातून नाडाछडीचं रीळ उचललं, किल्ली स्वतःच्या मनगटाला लावली, तीन वेढे घेतले आणि आईने मारली असती अगदी तश्शीच गाठ मारली.